गाईडलाईनचं अ‍ॅप आणि दापोलीची ओपीडी

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीचं, म्हणजे ईएससीचं, गाईडलाईन्सचं अ‍ॅप मी तीन वर्षं वापरते आहे. फुकट आहे. हवी ती गाईडलाईन एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही उघडते. आमच्या दापोलीत पावसाळ्यात वारं सुटलं की आधी वीज जाते आणि पाठोपाठ मोबाईलची रेंज, त्यामुळे माझ्यासाठी ही बारीक सोय नाही. मी एमडी मेडिसिन आहे, कार्डिऑलॉजिस्ट नाही. सकाळी ओपीडी, दुपारी राऊंड, रात्री जे येईल ते. माझ्यासारख्याच तालुक्याच्या गावी बसलेल्या फिजिशियन आणि जीपी मित्रमैत्रिणींसाठी हे लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं की हृदयरोगातलं नवीन तू कुठून वाचतेस.

एक रात्र सांगते, म्हणजे अ‍ॅप कुठे उपयोगी पडतं ते कळेल. जुलै महिना, साडेअकराची वेळ. केळशीकडच्या एका आजोबांना मुलगा आणि शेजारी रिक्षातून घेऊन आले. वय ७८, घामाने सदरा ओला, छातीत दुखायला लागून दीड तास झालेला. ईसीजी काढला, दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. उजव्या बाजूची लीडही लावून पाहिली, तिथे काही नव्हतं. बीपी ११०/७०. आता सर्वात जवळची कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी होते ती जागा, घाटातून आणि खड्ड्यांतून जाऊन दोन तासांवर. त्यात अ‍ॅम्ब्युलन्स यायची, पेशंट आत घ्यायचा, तिकडची टीम जमायची. निदानापासून १२० मिनिटांत वायर ब्लॉकच्या पलीकडे जाणं शक्य नव्हतं. म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच द्यायचं, आणि तेही निदान झाल्यापासून १० मिनिटांत सुरू करायचं. एवढं मला पाठ होतं. माझा हात अडला तो वयापाशी.

७८ वर्षांच्या, जेमतेम ५८ किलोच्या माणसाला ते इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज, किती द्यायचं? २०२३ ची अ‍ॅक्यूट कोरोनरी सिंड्रोमची (हृदयाच्या झटक्याची) गाईडलाईन उघडली, फायब्रिनोलिसिसवर, म्हणजे गुठळी विरघळवण्याच्या भागावर, बोट ठेवलं. ७५ च्या पुढे निम्मा डोस. वजनाप्रमाणे पूर्ण डोस ३० मिलिग्रॅम, म्हणजे आजोबांना १५. सोबतची रक्त पातळ करणारी औषधं: क्लोपिडोग्रेल ३०० नाही, ७५. एनॉक्सापॅरिनचा शिरेतला बोलस (एकदम द्यायचा पहिला डोस) नाही. तोवर सिस्टर मुलाला विचारत होत्या, कधी पॅरालिसिस झालाय का, डोक्याला मार, काळी शौच, अलीकडे ऑपरेशन. सगळ्याला ‘नाही’ आलं आणि इंजेक्शन गेलं. ७० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढला तर एसटी निम्म्याहून जास्त खाली आलेला, दुखणंही थांबलेलं. तरी पाठवलं, कारण इंजेक्शन लागू पडलं तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी, ही शिफारस मी त्यांच्या मुलाला मोबाईलवर दाखवली. “आता बरं वाटतंय तर उद्या बघू” असं म्हणत होता तो. तो काही इंग्रजी वाचत बसला नाही, पण हिरवा रंग बघून निघाला.

तर हा रंग, आणि त्याच्या शेजारचं अक्षर. माझ्या मते या अ‍ॅपमधली सर्वात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि बहुतेक जण तिच्याकडे बघतच नाहीत. प्रत्येक शिफारशीपुढे दोन खुणा असतात. पहिली वर्गाची: १ म्हणजे करावंच, २अ म्हणजे करण्याचा विचार व्हावा, २ब म्हणजे करता येईल, ३ म्हणजे करू नये. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. दुसरी खूण पुराव्याची. ‘ए’ असेल तर एकाहून जास्त चांगल्या रँडमाइज्ड (चिठ्ठी टाकावी तसे गट पाडलेल्या) ट्रायल्स किंवा त्यांचं एकत्र विश्लेषण. ‘बी’ असेल तर एखादीच ट्रायल, किंवा रँडमाइज न केलेले मोठे अभ्यास. आणि ‘सी’ म्हणजे तज्ज्ञांचं एकमत, छोटे अभ्यास, रजिस्ट्री.

आजोबांच्या निम्म्या डोसपुढे २अ, बी असं होतं. त्यामागची हकीकत अशी की २०१३ साली आलेल्या, १८९२ पेशंटांच्या स्ट्रीम ट्रायलमध्ये काम चालू असतानाच वयस्क पेशंटांत मेंदूतला रक्तस्राव जास्त दिसला. तेव्हा ७५ आणि त्यापुढच्यांचा डोस वाटेतच निम्मा केला गेला. नुसत्या त्या प्रश्नासाठी, पूर्ण डोस विरुद्ध निम्मा डोस, अशी मोठी ट्रायल या वयोगटात झालेली नव्हती. म्हणून ‘ए’ नाही, ‘बी’. एवढं कळलं की हात थरथरत नाही, आणि फाजील खात्रीही वाटत नाही.

ही अक्षरं किती गंभीरपणे घ्यायची यावर २०१९ साली जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली होती. २००८ ते २०१८ या काळातल्या गाईडलाईन्स मोजल्या तर अमेरिकन शिफारशींपैकी फक्त साडेआठ टक्के आणि युरोपियनपैकी १४.२ टक्के ‘ए’ दर्जाच्या पुराव्यावर उभ्या होत्या. हृदयरोग ही वैद्यकातल्या सर्वात जास्त ट्रायल झालेल्या शाखांपैकी एक, आणि तिथे ही स्थिती. कॉन्फरन्समध्ये कोणी “गाईडलाईन असं म्हणते” म्हणून विषय संपवायला लागलं की मी आता विचारते, कुठल्या अक्षरावर म्हणते?

मी हे आवर्जून सांगते आहे कारण याआधी वर्षभर मी एका सशुल्क सारांश-सेवेचे पैसे भरले होते. नाव घेत नाही. रोज सकाळी तीन ओळींत एक अभ्यास यायचा, चहा पिता पिता वाचून व्हायचा आणि आपण अद्ययावत असल्याचं समाधान मिळायचं. दोष असा की त्या तीन ओळींत नेहमी तुलनेतली टक्केवारी असे, मुळातली नसे. उदाहरणार्थ, सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनची सिलेक्ट ट्रायल, २०२३. वजन जास्त, हृदयविकार आहे, पण मधुमेह नाही असे १७,६०४ लोक. मथळा होता, “हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयमृत्यूमध्ये २० टक्के घट”. मूळ लेखात बघितलं तर सरासरी सव्वातीन वर्षांच्या काळात इंजेक्शन नसलेल्यांत १०० पैकी ८ जणांना यांतलं काहीतरी झालं, इंजेक्शनवाल्यांत साडेसहा जणांना. दोन्ही खरंच आहे. पण महिन्याला काही हजार खिशातून घालणाऱ्या माणसाशी बोलताना मला दुसरा आकडा लागतो, पहिला नाही. वर्गणी संपली तेव्हा पुन्हा भरली नाही.

ईएससीचं अ‍ॅप ही बातमी देणारी सेवा नाही, हे आधीच समजून घ्या. ते उशिराच बोलतं, आणि त्यातच त्याची मर्यादा येते.

बीटा ब्लॉकरचं, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळीचं, घ्या. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला. तिथेच झटका येतो, तिथेच स्टेंट बसतो, आणि मग निवृत्त होऊन माणूस गावी येतो तो प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन. त्या फाईलमधल्या गोळ्या मी पुढे चालवायच्या. असे एक काका, वय ६४, स्टेंट २०२१ मध्ये, पंपिंग (प्रत्येक ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते) ५८ टक्के, मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर ५० चालू. “मॅडम, पाय जड होतात, दमायला होतं. ही पांढरी गोळी बंद केली तर?” अ‍ॅप उघडलं. पंपिंग ४० किंवा खाली असेल तर बीटा ब्लॉकर: वर्ग १, ए. पंपिंग कितीही असलं तरी सरसकट सगळ्यांना: २अ, बी. पिवळा रंग. म्हणजे प्रश्न उघडा आहे, हे अ‍ॅपने सांगितलं. पण ती गाईडलाईन २०२३ सालची, आणि सगळी धमाल झाली ती त्यानंतर.

एप्रिल २०२४ मध्ये रिड्यूस-एएमआय आली. पंपिंग ५० टक्के किंवा जास्त असलेले ५०२० पेशंट, बहुतेक स्वीडनचे. मृत्यू किंवा पुन्हा झटका, बीटा ब्लॉकरवाल्यांत ७.९ टक्के, न घेणाऱ्यांत ८.३. फरक नाही म्हणावा असाच. चार महिन्यांनी फ्रान्सची अ‍ॅबिस. यात गोळी आधीपासून चालू असलेल्यांची ती थांबवून बघितली, ३६९८ जणांत. थांबवणं तितकंच सुरक्षित आहे हे सिद्ध करता आलं नाही. थांबवलेल्यांत २३.८ टक्के जणांना काहीतरी त्रास झाला, चालू ठेवलेल्यांत २१.१, आणि हा फरक मुख्यतः पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्यातला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये ईएससीच्या माद्रिदच्या अधिवेशनात एकाच दिवशी दोन ट्रायल्स आल्या आणि दोघींची तोंडं दोन दिशांना. स्पेन-इटलीची रीबूट, साडेआठ हजार पेशंट, पंपिंग ४० च्या वर: काही फायदा नाही. नॉर्वे-डेन्मार्कची बेटामी-डॅनब्लॉक, ५५७४ पेशंट: १४.२ विरुद्ध १६.३ टक्के, फायदा आहे, आणि तो मुख्यतः पुन्हा येणाऱ्या झटक्यांत. पुढे सगळे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा चित्र जरा बसलं. ४० ते ४९ च्या मधल्या पट्ट्यात गोळीचा उपयोग दिसतो, ५० च्या वर दिसत नाही.

म्हणून अ‍ॅप उघडलं की पहिल्यांदा गाईडलाईनचं साल बघायची मी सवय लावून घेतली आहे, आणि तुम्हीही लावा. त्या सालानंतर काय झालं ते वेगळं शोधायचं. अ‍ॅपमधल्या गाईडलाईन ऑगस्टअखेरच्या अधिवेशनात नव्या होतात, पण दर वर्षी मोजकेच विषय. २०२३ ला अ‍ॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम, एंडोकार्डायटिस, कार्डिओमायोपथी, मधुमेह. २०२४ ला ब्लडप्रेशर, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), क्रॉनिक कोरोनरी सिंड्रोम, महाधमनी आणि पायांच्या रक्तवाहिन्या. २०२५ ला झडपा, गरोदरपण, मायोकार्डायटिस-पेरिकार्डायटिस. आपला विषय रांगेत मागे असेल तर पिवळा रंग दोन-तीन वर्षं पिवळाच दिसत राहणार. काकांची गोळी मी एकदम बंद केली नाही. ५० ची २५ केली, पल्स आणि बीपी घरी लिहून ठेवायला सांगितलं. दोन महिन्यांनी, छातीत काही नाही आणि बीपी नीट, मग थांबवली. आता ते हर्णै बंदराच्या चढावरून मासळीची पिशवी घेऊन चालत येतात. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण निर्णय का घेतला ते फाईलवर सालांसकट लिहून ठेवलं आहे.

ब्लडप्रेशरची २०२४ ची गाईडलाईन मी सर्वात जास्त वेळा उघडते. वरचा आकडा १२० ते १२९ मध्ये आणायचा, झेपत असेल तर. हे ‘झेपत असेल तर’ मी ठळक अक्षरांत वाचते. ८५ च्या पुढचे, फार थकलेले, उभं राहिल्यावर चक्कर येणारे, यांच्यासाठी सैल लक्ष्य तिथेच दिलेलं आहे. आणि बीपी उभं राहूनही मोजा असं स्पष्ट सांगितलंय: पाच मिनिटं बसवा किंवा झोपवा, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. मी हे खरोखर करायला लागले तेव्हा लावणीच्या दिवसांत चक्कर येऊन बांधावर बसणाऱ्या चार बायका सापडल्या, ज्यांच्या बसून घेतलेल्या बीपीवर मी गोळी वाढवत नेली होती. एकीचं बसून १३८, उभ्याने १०६. ती गोळी त्याच दिवशी कमी केली.

याच गाईडलाईनमध्ये मिठाची शिफारस आहे, सोडियम क्लोराइड ७५ टक्के आणि पोटॅशियम क्लोराइड २५ टक्के असलेलं मीठ वापरण्याची, किडनी मध्यम किंवा जास्त बिघडलेली नसेल तर. पुढे २अ, ए. ‘ए’! चीनच्या खेड्यांतल्या २०,९९५ लोकांवरची ट्रायल हा त्यातला मोठा भाग. पक्षाघात कमी, मृत्यू कमी. आमच्याकडे मीठ जातं सुक्या मासळीतून, लोणच्यातून, मिठातल्या कैरीतून. घरातलं मीठ बदलून सोडे-सुकटीतलं मीठ बदलत नाही. तरीही आमटी-भातातलं तरी बदला म्हणून सांगते, आणि त्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून घेते, कारण निम्मे पेशंट टेल्मिसार्टनवर असतात आणि काही स्पायरोनोलॅक्टोनवर, आणि या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं.

आता जिथे अ‍ॅप आपलं नाही ती जागा. धोका मोजायचं त्यातलं गणित, स्कोअर-टू, युरोपातल्या देशांचे चार गट करून बसवलंय: कमी, मध्यम, जास्त, फार जास्त धोक्याचे. भारत कुठल्याच गटात नाही. २०२१ च्या प्रतिबंधाच्या गाईडलाईनमध्ये युरोपात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचा धोका १.३ ने गुणा असं लिहिलंय, पण तो हिशोब इंग्लंडमधल्या लेस्टरच्या माणसासाठी आहे, आंजर्ल्याच्या नाही. शिवाय स्कोअर-टू सुरू होतं ४० ला. इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत ५८.८ व्या. माझ्याकडे ३६ वर्षांचा टेम्पोचालक झटका घेऊन आला, त्याला हे गणित कधी लागूच झालं नसतं. म्हणून त्या भागाकडे मी जात नाही.

ट्रोपोनिनचंही, म्हणजे झटक्यात हृदयातून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीचंही, तसंच. शून्य आणि एक तास, किंवा शून्य आणि दोन तासांचा सुंदर आलेख आहे, पण त्याला हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिनचा आकडा लागतो. आमच्याकडे कार्डावर थेंब टाकून दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. एक रेघ आली म्हणून पेशंट घरी पाठवायचा आलेख अ‍ॅपमध्ये नाही, आणि तसा अर्थ कोणी काढूही नये. मी अशा पेशंटला ठेवून घेते, ईसीजी पुन्हा पुन्हा काढते.

हार्ट फेल्युअरवर थोडंच लिहिते, कारण तिथे वाद कमी आहे. चारही औषधं लवकर सुरू करा आणि डिस्चार्जनंतर पेशंट दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बघून दोन आठवड्यांत पूर्ण डोसकडे न्या. स्ट्राँग-एचएफ ट्रायलमध्ये सहा महिन्यांतले मृत्यू आणि पुन्हा ॲडमिशन २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आले. अमुक दिवशी या असं कॅलेंडरवर गोल करून देते. या चारांतल्या एका गटातल्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आधी आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ ला संपल्यापासून ती गोळी परवडते का हा प्रश्न पुष्कळ हलका झाला.

आणि झडपा. संधिवाताच्या तापाने खराब झालेली मायट्रल झडप युरोपात आता कमी दिसते, आमच्याकडे दिसते. गव्हे गावाकडची एक ताई, वय ४१, झडप बरीच आवळलेली, त्यात एट्रियल फिब्रिलेशन. असेनोकुमॅरॉल या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीवर आहे, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी. तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं की रक्त न तपासता घ्यायची नवी गोळी निघाली आहे. “बाई, माझी पण बदला ना. दर महिन्याला एक दिवसाची मजुरी जाते, वर गाडीभाडं.” तिचं म्हणणं अगदी रास्त होतं, आणि मलाही मनातून वाटलं की नवी गोळी वाईट असायचं कारण काय. अ‍ॅपमध्ये लाल रंग होता. मध्यम किंवा तीव्र मायट्रल स्टेनोसिस (झडप आवळणं) असेल तर नव्या गोळ्या नकोत.

या लाल रंगामागचा मोठा पुरावा म्हणजे इन्व्हिक्टस ट्रायल, २०२२. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजार पेशंट, सरासरी वय पन्नास, चारांतल्या जवळपास तीन बायका. म्हणजे अगदी माझ्या ताईसारख्याच. रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीवर ५५२ मृत्यू, जुन्या गोळीवर ४४२. आणि जुन्या गोळीवाल्यांचा आयएनआर काही फार आदर्श नव्हता, ठरल्या पट्ट्यात तो ५६ ते ६५ टक्के वेळ राहिला. तरीही जुनी गोळी जिंकली. दोन्ही हातांनी सावरून धरावी अशी ही ट्रायल आहे, कारण आपल्या पेशंटांवर झालेली, आपल्याच प्रश्नावरची. ती युरोपच्या अ‍ॅपमध्ये मला सापडली, याचं मला अप्रूप वाटतं.

ताईला मी ते ५५२ आणि ४४२ कागदावर लिहून दाखवले. ती बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ही जुनीच बरी.” आता तिचा आयएनआर आम्ही बाजाराच्या दिवशी ठेवलाय, म्हणजे खेप एकच होते. रक्त सकाळी घेतो, ती बाजार करून येईपर्यंत रिपोर्ट तयार. तिच्या वहीत तारीख, आकडा आणि गोळीचा डोस असे तीन रकाने आहेत. गेल्या सात महिन्यांत दोनदाच आकडा तीनच्या वर गेला, दोन्ही वेळा गोळी अर्धी केली, आणि वहीत तिने स्वतःच्या हाताने शेजारी लिहून ठेवलं, “या आठवड्यात पालेभाजी खाल्ली नव्हती.”